मी बाईक धरून उभी होते

"आवडीचं करता करता गेला" असं आज मला कुणीही लिहू नका, प्लीज.

सुगतला जायचं नव्हतं.
त्याला घरी येऊन गरम पाण्याने अंघोळ करायची होती आणि तर्री-पोहे खायचे होते. समरमध्ये नागपूरला जायची तिकिटं काढून झाली होती.

आज एक वर्ष झालं.

ज्यांची त्याची भेट झाली नाही त्यांच्यासाठी लिहिते. सुगत माझा नवरा. नागपूरचा. इथे कनाटा उपनगरात टेलिकॉममध्ये इंजिनियर.

इथल्या पहिल्या विंटरमध्ये हा माणूस ग्रोसरी आणायलासुद्धा बाहेर पडत नव्हता. खिडकीत उभा राहून म्हणायचा, "हे लोक राहतात कसे बाप्पा इथं?"

मग ऑफिसमधला एक मित्र त्याला स्केटिंगला घेऊन गेला. दुपारभर नुसता पडत होता. कोपर सोलून घरी आला आणि दारातूनच ओरडला, "उद्या पुन्हा जाऊन राहिलो मी!"

तिथून सगळं सुरू झालं. स्केटिंग, मग स्की, मग शर्यती. मलाही ओढलं. "एकटा काय करू? तू पण चल."

मी गेले. खरं सांगते, मलाही आवडायला लागलं होतं.

त्या दिवशीच्या शर्यतीत चार टप्पे होते. गोठलेल्या नदीवर स्केटिंग. मग स्नोशू घालून धावणं. मग जंगलातून स्की. शेवटी बर्फावरची जाड टायरची फॅट बाईक.

टीम आम्हा दोघांची. स्केटिंग आणि स्की त्याच्याकडे, धावणं आणि बाईक माझ्याकडे. एकाने यायचं, पायाला बांधलेला टायमिंग चिपचा पट्टा काढून दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने निघायचं.

माझं धावणं संपवून मी आले, तर हा स्की घालून तयार. मिशीवर बर्फ.
खाली बसून मी त्याच्या पायाला पट्टा बांधला.

"नीट बांध गं, सुटला तर टाइम मोजणार नाहीत."
"तू सावकाश जा."
"सावकाश जायला आलो का इथं? तू बाईकची हवा बघून घे. थंडीत कमी होते."

बस. हेच शेवटचं बोलणं. टायरच्या हवेबद्दल.

मी हवा भरली. हेल्मेट घातलं. बाईक धरून लाइनवर उभी राहिले.

त्याच्या मागून निघालेले येऊ लागले.
मला वाटलं, स्की तुटली असेल.
मग त्यांच्याही मागचे आले. मला वाटलं, वाटेत कुणाला मदत करत बसला असेल. तसा होताच तो.

मग वॉकी-टॉकीवाल्या एका व्हॉलंटियर बाईने माझ्या छातीवरचा नंबर वाचला.
आणि मान फिरवली.

तेव्हाच मला कळलं. कुणी काही सांगायच्या आधीच.

बाईक तिथेच टाकून मी ट्रेलवर पळत सुटले. समोरून स्नोमोबाईल येत होती, मागे बर्फावरून ओढायची स्लेड, स्लेडवर सुगत. एक पॅरामेडिक त्याच्या छातीवर दाब देत होता.

मागून मॉन्ट्रियलची एक स्पर्धक चालत आली. सुगत पडला तेव्हा ती त्याच्या मागेच होती. स्वतःची शर्यत सोडून मदत येईपर्यंत तिनेच त्याला सीपीआर दिला होता. तिला इंग्लिश नीट येत नव्हतं. माझा हात धरून ती नुसती "देझोले, देझोले" म्हणत राहिली. सॉरी, सॉरी.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाईंनी हार्ट म्हणून सांगितलं. थोड्याच दिवसांपूर्वी चेकअप झालं होतं, सगळं नॉर्मल. मी विचारलं, मग का? त्या म्हणाल्या, कधीकधी कारण सापडत नाही.

ज्याच्यावर चिडावं असं कुणीही नाही.

आमच्या लेकीला, इराला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. फक्त विचारलं, "वॉज ही स्केअर्ड, आई?"
मला माहीत नाही. मी तिथे नव्हते. मी बाईक धरून उभी होते.

मग नागपूरला फोन. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बर्फात एकटाच होता का गं माझा पोरगा?"
"नाही आई. माणसं होती जवळ."
"आपली होती का?"

मला ती मॉन्ट्रियलची बाई आठवली. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

"हो आई. आपलीच होती."

तेव्हा त्या रडल्या.

सगळे म्हणतात, टाइम लागेल. वर्ष झालं. काही कमी झालेलं नाही. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना मध्येच थांबते आणि पुढे का करायचं तेच सुचत नाही. शेजारचे गृहस्थ येऊन उरलेला साफ करून जातात.

यंदाही शर्यत झाली. फोटो दिसले. लोक हसत होते. मी फोन उलटा ठेवला.

आज सकाळी हॉलमध्ये त्याच्यासाठी बुद्धवंदना झाली. इथल्या आपल्या असोसिएशनची सगळी मंडळी आली होती, नॉर्थ यॉर्कहूनही दोन कुटुंबं चार तास गाडी चालवत आली. सगळ्यांचे आभार.

नंतर पार्किंगमध्ये इरा म्हणाली, "कॅन वी जस्ट सिट हिअर?"
बसलो. काचांवर बर्फ साचत गेला, बाहेरचं दिसेनासं झालं. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी गाडीचा हीटर वाढवला.

सुगत, तुला आम्हा दोघींचा जय भीम.
तुझ्याशिवाय जमत नाहीये रे.