सहखेळाडू: वैशाली

“वैशाली मॅडमनाही कॉलवर घ्या ना. दहाच मिनिटं लागतील,” रेणुका म्हणाली.

“ती बाहेर गेलीय,” मी म्हटलं.

हे अगदीच खोटं नव्हतं. वैशाली दोन वर्षांपूर्वी लग्न करून हुबळीला गेली होती.

कॉलवर आम्ही तिघं होतो. मी म्हैसूरला, अग्रहारातल्या माझ्या भाड्याच्या घरात. रेणुका पुण्यात. तिने आणि तिच्या दोन मित्रांनी तीन वर्षं खपून एक व्हिडिओ गेम बनवला होता. तिसरा निखिल, आमच्या एजन्सीचा मॅनेजर, म्हणजे मला काम देणारा. रेणुकाच्या गेमला मी दहापैकी पाच गुण दिले होते. आमच्या धंद्यात पाच म्हणजे नापास.

आधी धंदा सांगते, कारण माझ्या इचलकरंजीच्या मावशीला अजूनही वाटतं की मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते. गेम बाजारात यायच्या काही महिने आधी पब्लिशर, म्हणजे तो गेम विकणारी कंपनी, बाहेरच्या माणसाकडून त्याचं परीक्षण गुपचूप लिहून घेते. ते कुठे छापायचं नसतं. गेम आज बाहेर आला तर समीक्षक काय म्हणतील, किती गुण देतील, याचा तो अंदाज. याला मॉक रिव्ह्यू म्हणतात. अर्धवट बांधलेला गेम येतो, त्याला बिल्ड म्हणतात. मी तो वीसेक तास खेळते, चुका काढते, गुण देते. मूळची मी सॉफ्टवेअर टेस्टर. चुका काढणं अंगातच आहे. आई म्हणायची, ही लग्नघरातही आधी मांडवाचे खांब हलवून बघेल.

आमच्या रिपोर्टच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: सहखेळाडू. काही गेम दोघांनी शेजारी बसून खेळायचे असतात. तिथे मी लिहायचे, वैशाली. आम्ही एकाच कंपनीत होतो आणि नऊ वर्षं एका घरात राहिलो. ती खेळायची बरी, ओरडायची फार. ती गेल्यावर पहिला दोघांचा गेम आला, तेव्हा मी दोन्ही कंट्रोलर टेबलावर ठेवले. डाव्या हाताने एक चालवला, उजव्याने दुसरा. जमलं. रकान्यात सवयीने वैशाली लिहिलं. दुसऱ्या वेळी सवयीने नाही, समजून लिहिलं. रेणुकाचा गेम सहावा होता.

गेम असा. एक नदी. तलकाडला कावेरीत बांबूची गोल होडी असते ना, इथे तिला तेप्पा म्हणतात, तसल्या होडीत दोन माणसं. दोघांच्या हातात एकेक वल्हं. सामान पलीकडच्या काठावर न्यायचं. दोघांचा मेळ बसला नाही तर होडी जागच्या जागी गरगरते आणि सामान पाण्यात पडतं. एवढंच. मी लिहिलं होतं, ‘दोघांचं पहिल्या फेरीतच जमतं. पुढे करायला काही उरत नाही. चार तासांत कंटाळा येतो.’

रेणुकाने स्क्रीनवर दोन रेघा दाखवल्या. एक निळी, एक लाल. कोणी कधी वल्हं मारलं याची बिल्डमध्ये आपोआप नोंद होते, ती ही.

“मॅडम, आम्ही बऱ्याच जोड्यांना बसवलं. बहीणभाऊ, नवराबायको, मैत्रिणी. पहिल्या फेरीत कुणाचंच जमत नाही. तुमच्या दोघींच्या रेघा बघा. वीस तासांत एकदाही कुणी घाई केली नाही, कुणी थांबलं नाही. असं कसं झालं, एवढंच मला वैशाली मॅडमना विचारायचंय.”

“जुन्या मैत्रिणी आहेत त्या,” निखिल मध्येच म्हणाला. बिचारा माझी बाजू घेत होता. “अनुजा, शुक्रवारी दुपारी तिला घेऊन बस. सोमवारी पब्लिशर ठरवणार आहे, काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं. त्यांच्यासमोर तुझा एकच रिपोर्ट आहे.”

कॉल संपला. म्हणजे माझ्या पाच गुणांवर तीन माणसांची तीन वर्षं कचऱ्यात जाणार होती. गेम खरंच वाईट असता तर मला काही वाटलं नसतं. वाईट गेम बंद पडावेत, त्यासाठीच माझी नेमणूक आहे. पण स्क्रीनवरच्या त्या दोन्ही रेघा माझ्याच होत्या.

मी वैशालीला फोन लावला. ती बँकेच्या रांगेत होती. सगळं ऐकून घेतलं.

“एवढंच ना? सांगते की खेळले म्हणून. काय काय विचारतील ते व्हॉट्सअॅप करून ठेव,” ती म्हणाली.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलंच. मग तिने विचारलं, “पण अनुजा, दोन वर्षं तू दोन्हीकडून एकटीच खेळतेयस?”

“कामापुरतं गं.”

“आणि कामाशिवाय?”

मी म्हटलं तुझा नंबर आला असेल, आणि फोन ठेवला.

व्हॉट्सअॅप लिहायला घेतलं. ‘नदी आहे, होडी आहे, आपलं लगेच जमलं असं सांग.’ इथे अडले. आमचं कधीच लगेच जमलं नव्हतं. नऊ वर्षांत दुधाची पिशवी कोणी आणायची यावरसुद्धा जमलं नव्हतं. लिहिलेलं पुसलं. गेम खरोखर कसा आहे हे मलाच माहीत नव्हतं, आणि मी त्याला गुण देऊन बसले होते.

खालच्या मजल्यावर सरोजाक्का राहतात. माझ्या घरमालकीण. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत होते. घरात मराठी बोलतात, पण निम्मी कन्नड. गुरुवारी दुपारी त्या वाळवण काढायला गच्चीवर आल्या, तेव्हा मी विचारलं, माझ्याबरोबर एक गेम खेळाल का?

“अय्यो, मी? मला कुठं येतंय ते?”

“दोघींनी खेळायचा आहे. माझं काम अडलंय.”

“हौदा? खरंच? काम आहे म्हंतीस तर बसते. पन स्वल्प वेळ हं, थोडाच. इडलीचं भिजत घातलंय.”

इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा माझ्या खोलीत बसल्या. कंट्रोलर त्यांनी पोळपाट धरावा तसा दोन्ही हातांनी धरला. मी वल्हं मारलं. त्यांनी मारलं नाही. होडी फिरली. मी थांबले, तेव्हा त्यांनी मारलं. होडी उलटी फिरली.

“अक्का, मी मारते तेव्हा मारा.”

“तू कदी मारतीस ते सांगितल्याबिगर मला कसं कळनार गं?”

“बघा ना माझ्याकडे!”

“तू बग की माज्याकडं! तू सुम्ने आपलंच वल्हं मारत बसलीयस. उगाच!”

तांदळाची पोती पाण्यात गेली. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी “वंदू, एरडू” म्हणून मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली. मी मराठीत एक, दोन म्हणत होते, त्यामुळे पुन्हा घोटाळा. मी त्यांच्यावर चक्क ओरडले. घरमालकिणीवर! त्याही माझ्यावर ओरडल्या. पाऊण तासाने पलीकडचा काठ लागला, तेव्हा अक्कांनी माझ्या पाठीत असा धपका घातला की चष्मा खाली पडला. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या घरात दोन वर्षांत कोणी ओरडलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी फार वाईटही.

इडलीच्या डाळतांदळाचं काय झालं ते मी विचारलं नाही. शुक्रवारी सकाळी त्या स्वतःहून आल्या. आम्ही आणखी दोन फेऱ्या केल्या. पुढच्या फेरीत होडीत एक शेळी असते, ती मध्येच उठते. कमालीची मजा आहे. मी एकटीने खेळताना शेळी पहिल्या मिनिटात आवरली होती आणि टीप लिहिली होती, ‘शेळीचा उपयोग काय?’

दुपारच्या कॉलला मी एकटी बसले. रेणुकाने विचारायच्या आत सांगून टाकलं. वैशाली नाही. दोन्ही कंट्रोलर माझ्याच हातात होते. रिपोर्ट रद्द करा.

निखिलने विचारलं, “किती रिपोर्टमध्ये तिचं नाव आहे?”

“सहा.”

“सहाही एकटीने?”

“हो.”

त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, “मला सांगायचं होतंस. मी दुसरं कोणी दिलं असतं.”

“काय सांगायचं होतं? माझ्याकडे शेजारी बसायला माणूस नाही, असं?”

“हो. असंच.”

रेणुका चिडली नव्हती. चिडली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “मॅडम, दोन माणसांचं जमत नाही तिथे आमचा गेम सुरू होतो. तुम्ही नेमकं तेच काढून टाकलंत आणि मग म्हणालात, आत काही नाही.”

मी सॉरी म्हटलं. अक्कांबरोबर खेळल्याचंही सांगितलं, तर निखिलने कपाळावर हात मारला. बाजारात न आलेला गेम परक्या माणसाला दाखवणं हा दुसरा गुन्हा.

पुढचं थोडक्यात. निखिलने पब्लिशरला खरं काय ते कळवलं. सोमवारचा निर्णय पुढे गेला. दिल्लीच्या दोन भावांनी नवा रिपोर्ट लिहिला आणि साडेसात दिले. शेळीला त्यांनी वेगळा परिच्छेद दिला. गेम वाचला, बाहेरही आला. माझे आधीचे पाच रिपोर्ट पुन्हा तपासले. तीन गेमचे गुण बदलले, दोन गेमचे तसेच राहिले. ते दोन गेम खरोखरच वाईट होते. एवढा मान राहू द्या मला.

अक्कांना रीतसर सहखेळाडू करता येईल का, असं मी निखिलला विचारलं होतं. त्यांनी गोपनीयतेच्या कागदावर सही करावी आणि दर गेमला वीस तास द्यावेत, असं तो म्हणाला. अक्कांना सांगितलं.

“वीस तास? अय्यो, मला घर नाई काय गं?” त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. त्या आठवड्यात त्या पिरियापट्टणला बहिणीकडे गेल्या. आल्यावर आम्ही पूर्वीसारख्या पुन्हा नुसत्या जिन्यात भेटायला लागलो.

कुठलाही गेम भिकार आहे असं कोणी लिहिलं, की तो कुणाबरोबर बसून खेळला हे आधी विचारावं. मी एवढं शिकले. यासाठी सात वर्षं नोकरी करायची गरज नव्हती.

निखिलने मला काढलं नाही. उलट काम वाढलंय. आमची एक शीट असते, कोणत्या परीक्षकाला कसले गेम द्यायचे याची. ती सगळ्यांना दिसते. त्यात माझ्या नावापुढे आता लिहिलंय, ‘अनुजा: फक्त एकट्याने खेळायचे गेम.’ शीटमध्ये कुणाबद्दल चुकीचं काही असेल तर कळवा, असा दर महिन्याला मेल येतो. मी अजून काही कळवलेलं नाही. चुकीचं काही नाहीये.