नाबोरने मेरीमातेला बोललेला नवस

वाहाका प्रांताच्या डोंगरातल्या पडक्या देवळापाशी नाबोर तीस वर्षं पाहुण्यांना माहिती सांगत होता. माहिती म्हणजे त्या घटकेला त्याला सुचेल ती. खड्डा दिसला की राजाचं न्हाणीघर. एकदा तर त्याने तिथे राजकन्या बुडवली आणि एक जर्मन बाई रुमाल भिजेपर्यंत रडली. शेवटी तक्रारी गेल्या. कचेरीतून पत्र आलं, शुक्रवारी साहेब पाहणीला येतील. समाधान झालं नाही तर गळ्यातला बिल्ला परत.

नेमकी त्याच आठवड्यात बायको एउलोहिया पायऱ्यांवरून घसरली. घाबरलेला नाबोर मेरीमातेपुढे मेणबत्ती लावून नवस बोलला, "हिचं हाड शाबूत राहू दे, नऊ दिवस खोटं बोलणार नाही." पाय नुसता मुरगळला होता. शुक्रवारी नवसाचा पाचवा दिवस आला.

"अहो, फुलं वाहायची होती," एउलोहिया कपाळाला हात लावून म्हणाली. "ज्याच्यावर पोट चालतं तेच देऊन बसलात!"

बारागानसाहेब आले. बरोबर सहा पाहुणे.

"काका, हा खड्डा कसला?"

"माहीत नाही, साहेब."

"ही खोली कुणाची?"

"कुणालाच माहीत नाही."

"निदान पायऱ्या किती?"

"कधी मोजल्या नाहीत."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. साहेबांनी वही मिटली. "मग तुम्हाला माहीत तरी काय आहे?"

नाबोरने शेजारच्या भिंतीकडे बोट केलं. "या भिंतीवरचा दगडी वाघ कुठे गेला, ते माहीत आहे."

"तो तर हरवला. नकाशावर तसं लिहिलंय."

"हरवला नाही. माझ्या आजोबांनी घरी नेला. आमच्या चुलीखाली आहे."

सगळी वरात घरी आली. एउलोहिया पाय चौरंगावर ठेवून मक्याच्या भाकऱ्या भाजत होती. साहेब गुडघे टेकून खाली वाकले, रुमालाने काजळी पुसली. आतून दात विचकलेला वाघ निघाला.

"अकरा वर्षं शोधतोय मी याला," साहेब गुडघ्यांवरूनच म्हणाले. "हा न्यावा लागेल."

"न्या की. पण चूल तापलीय, आधी जेवून घ्या," एउलोहिया म्हणाली.

तिसऱ्या भाकरीला नाबोरने हळूच विचारलं, "साहेब, बिल्ला?"

"राहू दे. इतकं खरं बोलणारा माणूस मी पाहिला नाही. असंच बोलत राहाल ना?"

नाबोरने बोटांवर हिशेब केला.

"आणखी चार दिवस तर नक्की, साहेब."