आमच्या वाट्याची परदेशी शाळा

कर्नाटकातल्या बसवकल्याणात जुन्या बसस्टँडकडून माझ्या शाळेकडे येताना डाव्या हाताला बाईंची शाळा लागते; ती चालवणाऱ्या मुख्याध्यापिकेला सगळं गाव नुसतं 'बाई' म्हणतं. पत्र्याची आहे. दोन वर्ग तर ओसरीतच भरतात. तिच्या फाटकावर एक बोर्ड आहे: वर कन्नड, मध्ये मराठी, खाली इंग्रजी. 'स्कॉटलंडमधील आमची जोडीदार शाळा', आणि पुढे तिथल्या एका खेड्याचं नाव. जाता-येता मी तो बोर्ड वाचतो आणि माझं डोकं तापतं. कारण ते खेडं आधी माझ्या दारात आलं होतं.

मी खजुरी गावचा. सातवीनंतर शाळा सुटली आणि मामाच्या मागं बैलबाजार हिंडायला लागलो. उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, असा तो धंदा. त्यातून प्लॉट घेतला, प्लॉटावर इमारत बांधली आणि इमारतीत शाळा काढली. 'शिकला न्हाई, पण शाळा काढली,' असं गावात माझ्याबद्दल बोलतात. बोलणाऱ्याच्या मनात काहीही असो, मी ती शाबासकी समजतो. बाजारानं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिल्यांदा सांगितलेला भाव कधीच खरा नसतो. आणि ज्याला गरज असते तो आधी बोलतो, म्हणून आपण गप्प राहायचं.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारी एक शिक्षिका आहे, उदगीरहून लग्न होऊन आलेली. हुशार आणि तोंडानं सरळ. एका सकाळी ती मोबाइल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"अण्णा, स्कॉटलंडची एक शाळा जोडीदार शोधायलीय. शेतकऱ्यांच्या पोरांची हाय. त्यांच्या पोरांनी वर्षभर जवाचं शेत बघायचं, आपल्या पोरांनी तुरीचं. एकमेकाला चित्रं, पत्रं पाठवायची. पंधरा दिवसाला एकदा व्हिडिओवर बोलायचं."

"देणार काय?"

"कोण?"

"ते, स्कॉटलंडवाले."

"अण्णा, देण्याघेण्याचं न्हाई ते. दोघांनी मिळून शिकायचं."

देण्याघेण्याशिवाय कुणी दारात येतं, हे मला त्या दिवशी पटलं नाही. मी तिला लिहायला लावलं: वीस कॉम्प्युटर पाठवा आणि आमच्या संस्थेतल्या चौघांना तिकडं बोलवा.

"वीस म्हणलं की दहावर येतेत," मी म्हणालो.

"अण्णा, हे बैल न्हाईत."

"तू लिही."

सहा दिवसांत उत्तर आलं. तिथल्या मुख्याध्यापिकेनं लिहिलं होतं, आमची शाळा लहान आहे, कॉम्प्युटर देणं आम्हाला जमणार नाही. वेळ मात्र आम्ही देऊ शकतो, आणि मुलं फार उत्सुक आहेत. तुमच्या मुलांना आमच्या मुलांना काय विचारायचं आहे?

सहा दिवसांत उत्तर, म्हणजे गरज त्यांना आहे. मी शिक्षिकेला सांगितलं, "गप बस. ते वर येतेत."

महिना गेला. दुसरं पत्र आलं, त्यालाही मी उत्तर देऊ दिलं नाही. तिसऱ्यात त्यांनी विचारलं, तुम्हाला जमत नसेल तर तुमच्या भागातली दुसरी एखादी शाळा सुचवाल का?

ते वाचून मी खूश झालो. बाजारात अडून बसलेल्या गिऱ्हाइकाला आपणच म्हणायचं असतं, जा, पलीकडच्या दावणीला बघ. पलीकडं मरतुकडं जनावर बांधलंय हे आपल्याला ठाऊक असतं. गिऱ्हाईक एक फेरी मारून परत येतं आणि मग आपला भाव कबूल करतं.

"बाईंचं नाव दे," मी म्हणालो. "त्यांचा गळका पत्रा बघतील आन् परत येतील."

ते परत आले नाहीत. बाईंनी त्याच दिवशी पोरांचे प्रश्न पाठवले म्हणे. पहिला होता: तुमच्या पिकात रानडुकरं शिरतात का? तिकडून एका पोरानं हरणाचं चित्र काढून पाठवलं, जवात तोंड घातलेलं. दोन महिन्यांत फाटकावर बोर्ड चढला.

त्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन टेबलावर हात आपटला. "माझ्या दारातलं गिऱ्हाईक पळवलं त्या बाईनं!"

सगळ्यांनी वह्यांत माना घातल्या. विज्ञानवाली तेवढी बोलली. "पळवलं न्हाई, अण्णा. तुम्हीच हाकललाव."

पंधरा दिवस मी तिच्याशी बोललो नाही. गावात मात्र ज्याला त्याला सांगत राहिलो की बाईंनी माझी शाळा चोरली. इतक्यांदा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. जळायला कारणं रोज मिळत होती. माझ्या सातवीच्या पोरी शाळा सुटली की बाईंच्या कुंपणाला लटकून आतलं व्हिडिओवरचं बोलणं ऐकायच्या. माझ्या शाळेत प्रत्येक वर्गात स्मार्ट बोर्ड आहे, आणि पोरी लटकतात कुठं, तर त्या तारेला!

तुरी काढणीला आल्या तेव्हा तिकडच्या दोन शिक्षिका आल्या. बाई स्वतः मला बोलवायला आल्या. इस्त्रीचा सदरा घालून मी गेलो. बाईंच्या शाळेमागच्या शेतात पोरांबरोबर त्या दोघी तूर कापत होत्या. मग ओसरीत खाली बसून ज्वारीची भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी दुसऱ्यांदा मागितली. ही माणसं माझ्या ओसरीत बसायला हवी होती, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आमची विज्ञानवाली दुभाषी होती. तिच्या तोंडून मी पाहुण्यांतल्या थोरल्या शिक्षिकेला माझे स्मार्ट बोर्ड ऐकवले, प्रयोगशाळा ऐकवली. ती शांतपणे ऐकत होती. मग काहीतरी बोलली, आणि आमची शिक्षिका घुटमळली.

"काय म्हणली?"

"म्हणायलेत, त्यांच्या पोरांनी नकाशावर आपल्या शाळेला टाचणी टोचली होती. होकार आला न्हाई म्हणून काढावी लागली. पोरं हिरमुसली."

"मग परत कामून विचारलं न्हाई?" मी ओरडलो.

"तीनदा विचारलं, अण्णा."

बाई भाकरीची दुरडी घेऊन माझ्यासमोर आल्या. "अण्णा, घ्या. आन् तुमची सातवी पाठवा की शुक्रवारी. आमची पोरं अठरा, तिकडं तीस. जोड्या जमंना गेल्यात."

गरज दिसली आणि माझी जीभ सवयीनं वळवळली. "अर्धा वेळ आमच्या पोरांचा पायजे."

"घ्या की. अर्धा कामून, लागंल तेवढा घ्या."

भाव झालाच नाही. आमची शिक्षिका माझ्याकडे बघत होती. "पाठवतो," मी म्हणालो आणि भाकरी घेतली.

पहिल्या शुक्रवारी मीही जाऊन मागच्या बाकावर बसलो. आमची एक पोरगी पडद्यासमोर उभी राहिली. आमच्या वर्गात तोंड न उघडणारी ती, तुरीची फांदी धरून शेंगेत किती दाणे असतात ते इंग्रजीत सांगत होती. तिकडच्या एका पोरानं विचारलं, खिडकीतून दिसतं ते शेत तुमचं का?

"हो, आमचंच," ती म्हणाली.

शेत बाईंचं होतं. मला एवढं झोंबलं की मी उठून बाहेर आलो. शिक्षिका मागोमाग आली.

"अण्णा, लेकरू हाय. चुकून म्हणलं."

"इमारतीच्या मागं हॉलसाठी जागा सोडलीय नव्हं? उद्या नांगरून घे."

"तूर लावायची? पण पडद्यावर बोलायला तर पोरं बाईंकडंच जाणार."

"जाऊ दे की. पुढच्या साली पोरगी आमचंच म्हणली तर खरं निघालं पायजे," मी म्हणालो. "आन् बियाणं चांगलं बघून आण. बाईंच्या तुरीपेक्षा हातभर वर गेली पायजे."