एकही फट सोडली नाही

ती रस्त्याच्या कामावर होती, पण पूर्ण झालेला रस्ता तिनं क्वचितच पाहिला. तिचं काम यंत्रं येण्याआधीचं. कुठली झाडं वाचवता येतील, ओढ्याचं पाणी कुठून वळवायचं, कुठल्या झुडपात घरटी आहेत, हे सगळं हिंडून बघायचं. परवानगीतल्या अटी पाळल्या जातात ना, यावर नजर ठेवायची. सगळं नीट असलं की 'हरकत नाही' म्हणून सही करायची. मग यंत्रं यायची आणि ती पुढच्या कामाला लागायची.

"मी जन्मभर रस्त्यावरून गेलो," तिचे वडील म्हणायचे. "माझी पोरगी रस्त्याच्याही आधी जाते." ते ट्रक चालवायचे. आई गेल्यापासून घरात दोघंच.

कामावर तिला समोर ताई म्हणत आणि पाठीमागे 'थांबाताई'. तिच्या तोंडात सारखा तोच शब्द असायचा. खोदायला निघाले, थांबा. झाड पाडायला निघाले, थांबा. हे नाव मुकादमानं ठेवलं होतं आणि तिला ते ठाऊक होतं. तिला ते आवडायचंही, पण तिनं कधी दाखवलं नाही.

या वेळचं काम मोठं होतं. महामार्ग दुप्पट रुंद व्हायचा होता आणि त्यासाठी नदीवरचा जुना पूल पाडायचा होता. पुलाच्या काँक्रीटच्या तुळयांमध्ये बोटभर रुंदीच्या फटी होत्या. त्या फटींत छोटी वटवाघळं राहायची, लोक पाकोळ्या म्हणतात तसली. खाली उभं राहिलं की उग्र वास यायचा आणि वरून बारीक चिकचिक ऐकू यायची. ती चिकचिक पिल्लांची होती. पिल्लं असेपर्यंत पुलाला हात लावायचा नाही, ही अट तिनं भांडून घालून घेतली होती.

"मॅडम, तुमची मुलं कधी हो मोठी होणार?" मॅनेजर दर आठवड्याला विचारायचा. माणूस वाईट नव्हता. वरून त्याच्यामागे तगादा होता.

"होतील, साहेब. थांबा जरा."

पिल्लं उडायला लागली की फटींवर प्लॅस्टिकचे पडदे लावायचे होते. पडदा वरून घट्ट बसवायचा आणि खालून सैल सोडायचा. आतलं वटवाघूळ सरपटत खाली येतं आणि उडून जातं. परत आलं की त्याला वाट सापडत नाही. असं करत पूल रिकामा होतो आणि कुणी मरत नाही. पडदे कापून गोदामात तयार होते. तिनं मुकादमाला एक पडदा लावून दाखवला होता.

"म्हणजे बाहेर जायला वाट आहे, आत यायला नाही," मुकादम हेल्मेट काखेत धरून म्हणाला. "आमच्या घरासारखंच की. बायको रुसून गेली तर दार उघडं. मी रुसून गेलो की कडी."

"मग रुसता कशाला, मामा?"

"रुसत नाही आता. कडी फार जाड आहे."

ती हसली होती. "लावू का मग आजच?" त्यानं विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अजून वेळ आहे." का वेळ आहे ते तिनं सांगितलं नाही. वटवाघळांच्या दुधाच्या गोष्टी काढल्या तर ही माणसं महिनाभर फिदीफिदी हसतील, असं तिला वाटलं.

मग शेजारच्या काकूंचा फोन आला. वडील न्हाणीघरात पडले होते. ती हातातलं काम तसंच टाकून निघाली.

दवाखान्यात वडिलांची उजवी बाजू गेल्याचं कळलं. आत एकालाच सोडत. औषधं आणायला बाहेर पडलं की दारावरचा माणूस पुन्हा आत घ्यायला तास तास लावायचा. ती दाराच्या काचेला नाक लावून उभी राहायची. कामाची आठवण तिला एकदाही झाली नाही.

वडिलांना घरी आणलं, काकूंना त्यांच्याजवळ बसवलं आणि ती पुलावर आली. मुकादम वाटच बघत होता.

"बाबा कसे आहेत, ताई?"

"आहेत. बोलणं नीट कळत नाही."

"येईल, येईल. मोटार चालवलेला माणूस आहे, असा बसून राहायचा नाही. चला, तुम्हाला एक गंमत दाखवतो."

तो तिला पुलाखाली घेऊन गेला आणि त्यानं वर बोट दाखवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पडदे लागले होते. सरळ रेषेत, एकसारखे, कडा दाबून बसवलेले.

"एकही फट सोडली नाही," तो म्हणाला. "म्हटलं, ताई तिकडे अडकल्यात, इथला ताप तरी कमी करू. साहेब मीटिंगला गेलेत, त्यांनाही येऊन आश्चर्य वाटेल."

"कधी लावले?"

"तुम्ही गेलात ना, दुसऱ्याच दिवशी."

तिनं कान दिला. नदीचा आवाज येत होता. मग वरून कुठूनतरी एक बारीक चिकचिक आली आणि थांबली.

"मामा, शिडी आणा."

ती चढली आणि तिनं पहिला पडदा ओरबाडून काढला.

"अहो ताई! अहो, हे काय? दिवसभर खपून लावलेत माणसांनी..."

"आत पिल्लं आहेत."

"मग येतील की उडत बाहेर."

"त्यांना उडता येत नाही, मामा. आया संध्याकाळी बाहेर पडतात. परत येऊन पाजतात."

"पाजतात?"

"हो. दूध."

मुकादमानं वर पडद्यांकडे बघितलं. आपण किती छान बसवलेत हे त्याला तिथून स्पष्ट दिसत होतं.

"मला कुणी सांगितलं नाही, ताई," तो म्हणाला.

ते खरं होतं. तिनं पुढच्या पडद्याला हात घातला.

ऊन उतरायच्या आत सगळे पडदे निघाले. दिवेलागणीला पाकोळ्या आल्या. इतके दिवस त्या काठावरच्या झाडांत कुठंतरी लटकून असणार. त्या फटींत शिरल्या, बाहेर आल्या, पुन्हा शिरल्या. मुकादम आणि ती खाली उभे होते. अंधार होऊन काही दिसेनासं झालं तरी पंखांचा आवाज चालूच होता.

सकाळी मॅनेजर आला. त्याला सगळं कळलं होतं. तो खडीच्या ढिगाला वळसा घालून थेट तिच्यापाशी आला.

"मॅडम, मला वाईट वाटतंय. खरंच." मग म्हणाला, "पण एक विचारू? अट काय होती आपली?"

"पिल्लं असेपर्यंत पुलाला हात लावायचा नाही."

"आणि आता आहेत?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो फक्त विचारत होता. अट तिचीच होती, शब्दही तिचेच.

"बघून सांगते," ती म्हणाली.

एक पिल्लू जिवंत सापडलं तरी पूल थांबणार होता. ती विजेरी आणि दांडीला बांधलेला छोटा आरसा घेऊन चढली. मुकादम शिडी धरून प्रत्येक फटीखाली तिच्याबरोबर सरकत राहिला. "आहे का?" तो खालून विचारायचा. "नाही." पुन्हा शिडी सरकायची. फटींत पिल्लं एकमेकांना चिकटून होती, ऊब धरायला चिकटतात तशी. आरसा लावला तरी हलत नव्हती. काही वेळानं त्यानं विचारणं सोडून दिलं.

पलीकडच्या काठाजवळच्या फटीत एक हललं. अंगठ्याएवढं. त्यानं तोंड उघडलं, आवाज आला नाही.

"आहे!" ती ओरडली. "मामा, आहे!"

मुकादमानं शिडी सोडून दोन्ही हात वर केले आणि ती पडता पडता वाचली.

मॅनेजरनं ऐकून घेतलं. "एक?"

"एक."

"ठीक आहे," तो म्हणाला. "आहे तोवर थांबू." पुलाच्या तोंडाशी आणून ठेवलेली यंत्रं बंद राहिली. मुकादमानं त्या फटीखाली दोरी बांधली आणि कुणाला तिकडे फिरकू दिलं नाही.

घरी ती वडिलांना चमच्यानं पेज भरवत होती. तोंडाच्या एका कडेनं पेज ओघळायची आणि ती टिपून घ्यायची. त्यांनी तिचा हात धरला. "पूल?" ते म्हणाले. पडल्यापासून नीट आलेला तो पहिला शब्द. त्या पुलावरून ते कितीदा तरी गेले होते.

"आहे अजून," ती म्हणाली. "थांबवलाय."

त्यांनी अर्धं तोंड हलवलं. हसले असावेत.

दुसऱ्या सकाळी फट रिकामी होती. तिनं आरसा आतपर्यंत घातला. बाजूच्या फटी बघितल्या. खालचे दगड, वाळू, पाण्याची कड, सगळं बघितलं. मुकादमही वाकून बघत होता.

"आईनं नेलं असणार, ताई," तो म्हणाला. "रात्री आली आणि घेऊन गेली. आई कशी सोडेल?"

एवढं वाढलेलं पिल्लू आईला उचलत नाही, हे तिला माहीत होतं. आणि खाली नदी होती. मुकादम तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"हो," ती म्हणाली. "आईनंच नेलं."

"तेच म्हणतो मी."

दुपारी तिनं सही केली. सहीच्या वर, काय काय झालं तेही लिहिलं. पिल्लं कशी मेली आणि पडद्यांची वेळ तिनं कुणालाच नीट समजावली नव्हती, हे सगळं. मॅनेजरनं ते वाचलं आणि जसंच्या तसं पुढे पाठवलं. सहीत खोटं काही नव्हतं. पुलात पिल्लं नव्हती.

मोठी वटवाघळं मात्र संध्याकाळी येतच होती. म्हणून पडदे पुन्हा लावायचे होते, आता नियमाप्रमाणे. तिनं माणसांना घरी जायला सांगितलं आणि स्वतः शिडीवर चढली. मुकादम घरी गेला नाही. तो खालून एकेक पडदा वर देत होता आणि शिडी धरत होता.

ती पहिल्या फटीपाशी थोडी अडखळली. ती 'थांबा' म्हणेल म्हणून तो खालून वाट बघत राहिला. तिनं पडदा वरून घट्ट बसवला, खालून सैल सोडला.

"आता बरोबर आहे ना, ताई?" त्यानं विचारलं.

"हो, मामा. आता बरोबर आहे."

त्यानं पुढचा पडदा वर दिला.