कचेरीच्या दाराशी काढलेल्या चपला

लेकीच्या जातीच्या दाखल्यासाठी मी तिसऱ्यांदा पडघ्याहून भिवंडीच्या कचेरीत गेले, तेव्हा मला प्रार्थनाही सुचेनाशी झाली होती. खोटं कशाला बोलू? आम्ही डोंगरपाड्यावरचे आदिवासी. लेक पोटात असताना मी बाप्तिस्मा घेतला. आता तिला नर्सिंगला जागा मिळाली होती आणि खिडकीतला कारकून म्हणत होता, "ख्रिस्ती झालीस ना, मग आदिवासी कसली?" त्या दिवशी त्याने कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून दे, मी येशूला मानत नाही. लगेच अर्ज घेतो." आठवड्यात दाखला मिळाला नसता, तर तिची जागा गेली असती.

मी पेन घेतलं. आमच्या प्रार्थनाघराचे पाळक शिकवायचे, अधिकारी देवाने नेमलेले असतात, त्यांचा मान राखा. आणि मी एवढी शहाणी, की प्रार्थनाघराशी काढते तशा चपला कचेरीच्या दाराशीही काढायचे. आमच्या पाड्यावरचे सगळेच काढतात. साहेब सांगतोय म्हणजे देवच सांगत असेल, अशी मी मनाची समजूत घालत होते. पण हात काही चालेना. "येतेच," म्हणून मी व्हरांड्यात आले आणि रडू फुटलं.

तिथे बाकावर सातबाऱ्यासाठी आलेली कोन गावची एक म्हातारी बसली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी सांगितलेलं सगळं तिने ऐकलं आणि माझ्या पायांकडे पाहिलं. "अगो बाय, चपला कुठं हायत तुझ्या? तो काय देव हाय? घाल आधी! आन् त्यालाच सांग, काय नियम हाय तो तूच लिहून दे."

मी चपला घातल्या, आत गेले आणि कोरा कागद परत सरकवला. "ख्रिस्ती झालं की जात जाते, हे तुम्हीच सही करून लिहून द्या." एवढा धीर कुठून आला, देव जाणे. कारकून आतल्या साहेबांकडे जाऊन आला आणि त्याने अर्ज घेतला. आदिवासींसाठी असा नियमच नव्हता. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दाखला हातात पडला.

त्या दिवशी अर्ज देऊन बाहेर आले, तर बाक रिकामा. तिचा नंबर लागला असेल. मी त्याला चमत्कार म्हणत नाही. तिचं नाव ठाऊक नाही, म्हणून प्रार्थनेत 'कोनची आजी' एवढंच म्हणते. प्रभूला बरोबर कळतं.

अधिकाऱ्यांचा मान मी अजूनही राखते. पण त्यानंतरच्या रविवारी प्रार्थनाघराशी चपला काढताना लक्षात आलं, इतकी वर्षं मी दोन दारांशी त्या काढत होते. आता एकाच दाराशी काढते.