आत्याच्या खोलीला दोरी

शेवटच्या दिवशी आत्या स्वतःच्याच खोलीच्या दारात उभी राहिली आणि तिने विचारलं, "आत जाऊ का?" दारातली पोरगी गोड हसून म्हणाली, "नाही हं आजी. दोरीच्या अलीकडूनच बघायचं." भाची शेजारीच होती, तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आत्याने तिचा हात दाबला. "तिला काय माहीत बिचारीला," म्हणाली.

खोली म्हणजे मुलींच्या कॉलेजच्या होस्टेलमधली, जिन्याखालची. कॉलेज जुनं, इतकं जुनं की लांबलांबची माणसं इमारत बघायला येतात. नवऱ्याने टाकल्यावर आत्या तिथे कामाला लागली आणि तिथलीच झाली. पाणी तापवायचं, जिने पुसायचे, कोणी आजारी पडलं की उशाशी बसायचं. खोलीच्या पलीकडेच पाण्याचा मोठा बंब, त्यामुळे एक भिंत कायम गरम. घरची आठवण आली, पेपर वाईट गेला, मैत्रिणीशी बिनसलं, की पोरी येऊन त्या भिंतीला पाठ लावून बसायच्या. आत्या उपदेश वगैरे करायची नाही. "सरक तिकडे, मला भाजी निवडायचीय," एवढंच. पोरगी सरकायची, नाक पुसायची, आणि थोड्या वेळाने स्वतःच भाजी निवडायला लागायची.

भावाने घर बांधलं तेव्हा विचारलं होतं, "अक्का, तुझ्यासाठी एक खोली काढू का?"

"मला कशाला? मला घर आहे की! तुझ्याकडे पाहुणी म्हणून येईन, चहा पिऊन जाईन."

वहिनीने ते बोलणं असं झेललं की खाली पडू दिलं नाही.

त्या पोरींमधली एक रडूबाई. पहिल्या दिवशी फाटकाला धरून रडली ती सुटेचना. मग आत्याने तिला आपल्या कॉटवर झोपवलं, आपण खाली झोपली, कितीतरी दिवस. तीच पुढे शिकून शिकून त्याच कॉलेजची मोठी बाई झाली. आत्या सगळ्यांना सांगत सुटली, "आपली रडूबाई खुर्चीत बसली! आता मला कोण हलवतंय!" आणि मोठ्या बाई पण दर कार्यक्रमात सांगायच्या, मावशी म्हणजे या घराची आई.

मग एक दिवस ऑफिसातला क्लार्क आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"मावशी, तुमची खोली जपायचं ठरलंय."

"जपा की बाबा. त्या कोपऱ्यात गळतंय बघ."

"तसं नाही... जुन्या काळची खोली म्हणून लोकांना दाखवायची. कॉट, ट्रंक, पांघरूण, सगळं आहे तसंच राहणार."

"आणि मी?"

क्लार्क आपल्या बुटांकडे बघत राहिला.

आत्या तडक मोठ्या बाईंकडे गेली. बाईंनी उठून तिचा हात हातात घेतला. "थकलात मावशी. भाचीकडे आराम करा. खोली तुमचीच आहे. तुमच्या नावाची पाटी लावणार आहे मी."

भाचीकडे आली तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "केसाने गळा कापला गं. खेकसली असती तर भांडले तरी असते. हात धरून बाहेर काढलं."

भाचीच्या घरात ती स्वयंपाकघरात झोपायची. कोणी उठायच्या आत अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात. नळ सोडायच्या आधी विचारायची, "पाणी घेऊ का?"

"आत्या, विचारतेस काय! घर तुझंच आहे."

"ते वाक्य नको बाई. त्याने पोट भरलंय माझं."

मग कळलं की खोली बघायला उघडणार. आमंत्रण नव्हतं. भाची म्हणाली, नको जाऊस. आत्या ठेवणीतली साडी नेसली. "बघू तरी, नाव कसं काढलंय ते."

तर ती दोरी. आत कॉट, वर तिचंच पांघरूण, घडी मात्र दुसऱ्याच कोणीतरी घातलेली. कोपऱ्यात एक कंदील.

"हा कोणाचा?" आत्या म्हणाली. "माझ्याकडे वीज होती की गं!"

भाचीला हसू आलं, आत्याही हसली. मग आत्याने विचारलं, "पाटीवर काय लिहिलंय?" तिला वाचता येत नव्हतं. भाचीने ती मनातल्या मनात दोनदा वाचली. आत्या म्हणाली, "सांग."

"सेविकेची खोली."

"आणि?"

"एवढंच."

दोरीवरून हात लांब करून आत्याने त्या भिंतीला हात लावला. बंब केव्हाच काढून टाकला होता.

"गार पडलीय गं," म्हणाली.

मोठ्या बाई पाहुण्यांच्या घोळक्यात होत्या. त्यांनी लांबूनच हात जोडले आणि तोंड फिरवलं.

घरी येऊन आत्या जेवली नाही. आडवी होते म्हणाली. संध्याकाळी भाची चहाला उठवायला गेली, तर आत्या गेलेली. डॉक्टर म्हणाले हार्ट. असेल. डॉक्टरला दुसरं काय दिसणार.

नंतर काही दिवसांनी क्लार्क दारात आला. चप्पल काढून, खाली मान घालून उभा राहिला.

"बाईंनी पाठवलंय. मावशींचा एखादा फोटो हवाय. खोलीत लावायला."

भाचीच्या मागेच फळीवर आत्याचा फोटो होता, कालच फ्रेम करून आणलेला. क्लार्कला तो समोरच दिसत होता.

"फोटो नाही," भाची म्हणाली.

क्लार्कने फोटोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"बरं. नाही म्हणून सांगतो," म्हणाला, आणि चप्पल घालून निघाला.