कान कातरलेली कार्डं

तव्यावरची भाकरी फुगायला लागली होती आणि सासूबाई खलबत्त्यात शेंगाचटणी कुटत होत्या. तेवढ्यात दारावर थाप पडली. दाराला बेल आहे, चांगली ठळक दिसेल अशी आहे, तरी थाप.

"बघ गं," सासूबाई म्हणाल्या, "बेलवर विश्वास नसलेलं कोण आलंय ते."

दारात बिरुमामा उभे. बिरुदेव त्यांचं नाव. मी ज्या कॉलेजात बी.ए. झाले, तिथल्या ग्रंथालयात ते शिपाई होते. पस्तीस वर्षं केली आणि पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून मुलाकडे राहतात. येता-जाता नमस्कार व्हायचा, पण घरी कधी आले नव्हते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत एक पिशवी. नाक वर करून त्यांनी आत वास घेतला.

"ताई, भाकरी करपाय लागली. आदी ती बघा, मग माझं सांगतो."

मी धावले. भाकरी उलटून येईपर्यंत ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते आणि पिशवीतून पत्त्यांच्या कॅटएवढी चळत काढून मांडीवर ठेवली होती. जाड कागदाची कार्डं. प्रत्येकाची कड कुठे ना कुठे कापलेली.

"उद्या सकाळी रद्दीवाला येनार हाय," ते म्हणाले. "असली चार हजार कार्डं तीन पोत्यांत भरून ठिवलीत. म्हनं उंदरांनी खाल्ली."

गोष्ट अशी झाली होती. ग्रंथालयातले जुने संशोधनाचे अंक आणि जुन्या सूची कॉलेज आता कॉम्प्युटरवर चढवतंय, म्हणजे कुणालाही बसल्या जागी शोधता यावं. स्कॅन करायला बाहेरून माणसं आलेली. त्यांना सूचना होती की फाटकी, कुरतडलेली कार्डं बाजूला काढा. त्यांनी बिरुमामांनी हातानं लिहिलेल्या कार्डांचा कप्पा उघडला, तर एकही कार्ड धड नाही. शिवाय उलटून पाहिलं तर मागे लग्नपत्रिका! त्यांनी सगळं पोत्यांत भरलं. कुणाचा त्यात वाईट हेतू नव्हता.

"नव्या मॅडम हायत, प्रियंका मॅडम. चांगल्या हायत. म्हनल्या, मामा, ह्या कापांचा अर्थ काय ते लेखी द्या आज पाचच्या आत, मी थांबवते."

"मग लिहा की मामा. चार हजार कार्डं लिहिलीत तुम्ही!"

"कार्ड लिवता येतं ताई, अर्ज येत न्हाय. अर्जात पैल्या ओळीपासनंच मान खाली घालावी लागती."

मी परात बाजूला सारली, हात धुतले आणि मुलीची अर्धी उरलेली वही घेऊन बसले. सासूबाई बत्ता हातात घेऊनच जवळ आल्या. त्यांनी एक कार्ड उचललं आणि सवयीनं आधी मागची बाजू वाचली.

"चिरंजीव नंदीश... अहो, ही कुणाच्या लग्नाची?"

"काय म्हाईत काकू. जाड कागद कुटनं आनायचा मी? लग्नसराईत कॉलेजात पत्रिका लई यायच्या. मंगलकार्य झालं की मी मागायचो. माझ्या कार्डांच्या पाटीवर मराटी, कानडी, तेलगू, उर्दू, समद्यांची लग्नं लागलीत."

"आणि जेवायला कुठंच बोलावलं नाही?"

"न्हाय की. नुसत्या अक्षता."

सासूबाई हसल्या आणि तिथंच पाटावर बसल्या. चटणी तशीच राहिली.

मग बिरुमामांनी सुरुवातीपासून सांगितलं. ते नोकरीला लागले तेव्हा ग्रंथालयाच्या रजिस्टरात अंकाचं नाव, वर्ष आणि महिना एवढंच असायचं. एकेका अंकात दहा-दहा लेख, पण आत काय आहे हे कुठंच लिहिलेलं नसायचं. एकदा मैंदर्गीहून अक्कम्मा नावाची मुलगी आली. खारट विहिरीच्या पाण्यावर ज्वारी कशी येते यावर कुणी काही लिहिलंय का, हे तिला हवं होतं. तीन दिवस ती एस.टी.नं जा-ये करत बसली, धूळ खाल्ली आणि रिकाम्या हातानं गेली. पुढच्या आठवड्यात एक सर तोच लेख कुणाला तरी वाचून दाखवत होते आणि बिरुमामा शेजारचं कपाट पुसत होते.

"ती बसायची तितनं दोन हातावर व्हता तो अंक. माज्या हातानं पुसल्याला. कळपात मेंढरू हाय आन् राखनाऱ्यालाच ओळखू येईना. आमच्यात ह्याला लाज म्हनत्यात, ताई."

बिरुमामा सांगोल्याकडच्या धनगराच्या घरातले, शिक्षण सातवीपर्यंत. अंक बहुतेक इंग्रजीत. मग आतलं कळणार कसं? त्यांनी एक रीत पाडली. अंक परत करायला जो येईल त्याला एकच प्रश्न: "ह्यात काय हाय?"

हे मात्र मला लख्ख आठवत होतं. आम्ही मुली त्या खिडकीला घाबरायचो. नुसतं 'अर्थशास्त्र' म्हटलं तर ते अंक हातात घ्यायचे नाहीत. "आर्तशास्त्र व्हय? मला कळंल असं सांगा की." मग आम्ही अडखळत, आपल्याच घरच्या भाषेत सांगायचो, आणि तेव्हा कुठं आम्हालाही कळायचं की आपण काय वाचलं. प्राध्यापकांनाही सुटका नव्हती. सयाजी सर म्हणून भूगोलाचे होते, ते एकदा कडाडले होते, "बिरू, माझी तोंडी परीक्षा घेतोस काय?"

"न्हाय सर, परीक्षा माजी हाय. तुमी सांगितलं न्हाय तर मी नापास."

सर हसले आणि खिडकीत उभं राहून त्यांनी पंधरा मिनिटं सांगितलं.

जे ऐकलं ते बिरुमामा पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. खाली अंकाचं नाव, वर्ष, पान. इंग्रजी अक्षरं ते चित्र काढावं तशी बघून उतरवत. मी आता ती नीट पाहिली. एकही चुकलेलं सापडलं नाही.

"आणि हे काप?" मी विचारलं.

"हे कान हायत."

मला कळेना. मग त्यांनी स्वतःचा कान धरून दाखवला. धनगराच्या घरी मेंढराच्या कानाला खूण कातरतात, प्रत्येक घराची वेगळी. पाण्यावर दोन-तीन कळप मिसळले की अंगावरून काही कळत नाही, सगळी सारखीच. मग कानाला हात लावायचा आणि आपलं आपल्याकडं ओढायचं. त्यांचे वडील दुसरीकडं बघत, गप्पा मारत कळप वेगळा करायचे.

"मग मी बी कार्डाला कान केलं. डाव्या कोपऱ्याला तिरका काप, पानी. वरच्या कडंला एक खाच, पीक. दोन खाचा, जनावर. उजव्या अंगाला खाच म्हंजे दुकनं, मग मानसाचं आसू द्या न्हाय तर जनावराचं. खालचा कोपरा गेला की माग आन् कापड."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. बाजार, रस्ता, शाळा, बायका, भाषा, जुना काळ. सगळ्या मिळून सतरा खुणा. एकेका कार्डाला तीन-तीन, चार-चार.

सासूबाईंना काही पटलं नव्हतं. शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलंय, त्या सहज ऐकणाऱ्यातल्या नाहीत. "डोळे मिटा बघू," त्या म्हणाल्या. चळत पिसली आणि मधलंच एक कार्ड बिरुमामांच्या हातात दिलं.

बिरुमामांनी डोळे मिटले. अंगठा कडेवरून सावकाश फिरला. "पानी... थांबा. पानी, माग आन् दुकनं. बायका बी हायत."

मी कार्ड वाचलं. "सूत रंगवल्यालं पानी वढ्यात सोडल्यावर, त्या वढ्यावर धुनं धुनाऱ्या बायकांच्या हाताची कातडी कशी जाती."

सासूबाईंनी दुसरं दिलं, तिसरं दिलं. सातवं बरोबर आलं तशी त्यांनी चळत खाली ठेवली. उठून आत गेल्या आणि ताटात भाकरी, चटणी, दही घेऊन आल्या. "जेवा आधी," म्हणाल्या. आमच्या घरी यापेक्षा मोठी पदवी नाही.

मी मात्र ते पहिलं कार्ड हातात धरून बसले होते. पुस्तकी हिशोबानं हा लेख रसायनशास्त्राच्या अंकात, रसायनशास्त्राच्या कपाटात. कातडीच्या दुखण्याचा अभ्यास करणारी मुलगी त्या कपाटाकडं फिरकणारसुद्धा नाही. मागांवर लिहिणारा फिरकणार नाही. या माणसानं मात्र त्याला चार कान केले होते, म्हणजे चौघांपैकी कुणीही हात घातला तरी ते ओढून घेता येईल. इंग्रजीतली एक ओळ न वाचता.

दुपारी अडीचला रिक्षानं कॉलेजात पोचलो. तीन पोती दाराशीच उभी होती, तोंड बांधून. प्रियंका मॅडम तिशीच्या, भराभर बोलणाऱ्या. माझी आठ पानं त्यांनी उभ्याउभ्याच वाचली आणि मग खुर्ची ओढून पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"मामा, कल्पना छान आहे," त्या म्हणाल्या. "पण चार हजार कार्डं पुन्हा घ्यायची तर मला वर कारण दाखवावं लागेल. यातून खरंच काही सापडतं का?"

"तुमी विचारा की."

मॅडमनी जरा आठवलं. "काल माढ्याची एक मुलगी आली होती. हलक्या, खरबरीत लोकरीचा घोंगडीशिवाय काही उपयोग होतो का, यावर तिला हवं होतं. कॉम्प्युटरवर शून्य आलं." त्यांनी पडदा फिरवून आम्हाला दाखवला. शून्यच होतं.

बिरुमामांनी चपला काढल्या. एकेक पोतं फरशीवर ओतलं आणि मांडी घालून बसले. पुढचा दीड तास ग्रंथालयात कार्डं सरकण्याचा आवाज तेवढा होता. ते वाचत नव्हते. दोन्ही हातांनी कडा चाचपत होते. काही डावीकडं, काही उजवीकडं; जनावराच्या खुणेबरोबर दुसरी खूण असलेली तेवढी जवळ, वाचायची ती शेवटी, तेवढीच. स्कॅन करणारी दोघं मशीन सोडून येऊन उभी राहिली. मी खाली बसून बाजूला पडलेली कार्डं गोळा करत होते, तेव्हा एक दिसलं: 'पाऊस पडला न्हाय त्या वर्षी लेकी म्हायेरी जास्त दिवस ऱ्हात्यात, कारन सासरी एक तोंड कमी.' खाली अंकाचं नाव आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'यफ.वाय.ची पोरगी, १९९७.'

ती पोरगी मी होते. खिडकीत उभी राहून मीच सांगितलं होतं. मी विसरले होते. या माणसानं त्याला कान करून सत्तावीस वर्षं राखलं होतं. ते कार्ड मी दोनदा वाचलं आणि गठ्ठ्यात परत ठेवलं.

"हे घ्या," बिरुमामा म्हणाले. त्यांच्या पुढ्यात सहा कार्डं होती. एक कापडाच्या अंकातलं, एक इमारत बांधणाऱ्यांच्या, दोन शेतीच्या, एक पशुवैद्यांच्या. सहावं इतिहासाच्या अंकातलं, जुन्या काळी मातीच्या गाऱ्यात लोकर घालून भिंती कशा लिंपत त्यावर.

मॅडम स्वतः कपाटाकडं गेल्या. शिडी लावली. पहिला अंक काढला, पान उघडलं. लेख तिथं होता. दुसरा, तोही होता. सहावा उघडला तेव्हा त्या शिडीवरच थांबल्या, अंक छातीशी धरून. या कपाटांच्या त्या प्रमुख होत्या, आणि आत काय आहे ते त्यांना आज कळत होतं. खाली उतरून त्यांनी आधी रद्दीवाल्याला नको म्हणून फोन केला. मग मशीनवरच्या दोघांना म्हणाल्या, "सगळी घ्यायची. खाचांसकट. कड सरळ करायची नाही, दोराभरही कापायचं नाही. आणि प्रत्येक खुणेचा विषय शेजारी टाईप करायचा."

बिरुमामांनी फरशीवरूनच हात जोडले. ते उठेनात, गुडघे धरले होते. त्या दोघांनी त्यांना उठवून कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"मामा, या सगळ्या संग्रहाला तुमचं नाव देऊ या," मॅडम म्हणाल्या. "'बिरुदेव सूची'. मी प्राचार्यांशी बोलते. कार्यक्रम करू, सत्कार करू."

"त्ये ऱ्हाऊ द्या," बिरुमामा म्हणाले. "तुमी विषय टायपा म्हनलात. कुटलं कुटलं विषय हायत तुमच्याकडं? दाखवा की."

मॅडमनी यादी उघडली. कॉम्प्युटरमध्ये विषय आधीच ठरवलेले असतात, त्यातलाच एक निवडावा लागतो, असं त्यांनी समजावलं. बिरुमामांनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट टेकवून एकेक ओळ वाचत खाली आले. जलसंधारण. वस्त्रोद्योग. आरोग्य. मग पशुसंवर्धन, आणि त्याच्या पोटात गाय, म्हैस, कुक्कुटपालन, मत्स्यपालन, इतर.

बोट 'इतर'वर थांबलं.

"मेंढरं ह्यात?"

"हो मामा. इतरमध्ये."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला.

"मॅडम, सत्कार नको, नाव बी नको. मेंढरं 'इतर'मधनं काडा, आन् त्यांचा विषय येगळा लिवा."